न टेकलेली काठी

सरकारांचे दोन्ही पाय ठणठणीत होते, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण त्यांच्या हातात काठी असायची म्हटलं की ऐकणारा लगेच विचारतो, "गुडघे का?" मीसुद्धा विचारलं होतं. नारायण पेठेत त्यांच्या घरी पेइंग गेस्ट म्हणून राहायला गेले, तेव्हा पहिल्याच दिवशी. तीन मजले, लिफ्ट नाही, आणि माझी बॅग मी जिन्यावरून ओढत वर नेत होते. सरकार माझ्यापुढे तरातरा चढत होते आणि काठी त्यांनी हातात नुसती उचलून धरली होती.

"काका, गुडघ्यांचा त्रास आहे का तुम्हाला?" मी विचारलं.

ते थांबले, वळले आणि माझ्या धापांकडे शांतपणे बघत राहिले. "आपल्याला आहे का?"

गल्लीत त्यांना सगळे सरकारच म्हणत. याचं निम्मं कारण म्हणजे त्यांची सगळी नोकरी सरकारी छापखान्यात झाली होती. उरलेलं निम्मं त्यांच्या हातात असे. शिसवीची, जुनी, काळीभोर काठी. मूठ मगरीच्या तोंडाची. ती मगर हसतेय की जबडा वासतेय, हे मला तिथे राहत होते तोवर ठरवता आलं नाही. मुठीखाली चांदीचं कडं, कड्याखाली थेट तळापर्यंत गुंडाळत गेलेली वेल, आणि वेलीत पोपट. एक पोपट दुसऱ्यासारखा नाही. एक फळ खातोय, एक चोचीने पंख साफ करतोय, दोघे एकमेकांशी भांडतायत. तळाला पितळी टोपण होतं आणि ते इतकं लखलखीत, की आत्ताच दुकानातून आणल्यासारखं. ते का, हे मला आठवड्याभरात कळलं. ते टोपण जमिनीला लागतच नसे.

सरकार काठी टेकत नसत. रस्त्याने चालताना ती जमिनीपासून वीतभर वर धरत. काठी भरीव लाकडाची, चांगली वजनदार. म्हणजे काठीने यांना आधार द्यायचा तर हेच काठीला आधार देत हिंडत होते. झोपलेलं मूल कडेवर घेतलेला माणूस जसा जपून चालतो, तसे ते खड्डे चुकवत. घरी आले की काठी दाराशेजारच्या भिंतीवर दोन खुंट्यांवर आडवी ठेवायची. दर रविवारी चिंचेने टोपण घासायचं. काठीला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. असे सगळे नियम होते आणि ते कुठे लिहिलेले नव्हते, ही पुण्याच्या मानाने मोठीच गोष्ट.

एकदा बसमध्ये एका मुलाने काठी बघून झटकन जागा दिली. "बसा आजोबा."

"कोणासाठी उठलात? माझ्यासाठी की काठीसाठी?"

मुलगा गोंधळला. "तुमच्यासाठी."

"मग बसा. मी ठीक आहे." आणि मंडईपर्यंत ते एका हाताने दांडा आणि दुसऱ्या हाताने अधांतरी काठी धरून उभे राहिले. मीही शेजारी लोंबकळत होते. त्या मुलाला पुढे सबंध प्रवासभर बसल्या जागी चैन पडलेलं मला दिसलं नाही.

लग्नकार्यात मात्र काठीचा थाट बघून घ्यावा. आमच्या गल्लीतल्या लोकांना वाटे, सरकार काठी घेऊन मांडवात उभे राहिले की आपल्या कार्याला घराणं असल्यासारखं दिसतं. लोक आग्रहाने येऊन आमंत्रण देत. पत्रिकेवर 'सहकुटुंब, सहपरिवार' याच्यापुढे 'सहकाठी' लिहायचं तेवढं बाकी होतं. फोटोग्राफर त्यांना व्याह्यांच्या शेजारी उभं करत, वधूपक्षाला वाटे हे वराकडचे कोणी बडे आणि वरपक्षाला वाटे वधूकडचे. सरकार दोघांचाही गैरसमज दूर करत नसत. मान किंचित वाकवून सगळं स्वीकारत. मिजासखोर होते, यात शंका नाही.

हिंजवडीतल्या माझ्या ऑफिसातली मैत्रीण एकदा घरी आली होती. तिने काठी पाहिली आणि किंचाळलीच, "ओह माय गॉड, काका, धिस इज सो व्हिंटेज! कुठून घेतली?"

सरकारांनी घसा खाकरला. पेशव्यांच्या पागेचे एक प्रमुख होते, त्यांना म्हणे घोड्यावरून उतरल्यावर हातात काहीतरी लागायचं... गोष्ट अर्धा तास चालली. मी ऐकत होते आणि माझ्या डोक्यात किडा वळवळत होता. कारण मला त्यांनी सांगितलं होतं की ही काठी एका संस्थानाच्या दिवाणाची. आणि खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरांना सांगितलं होतं की एका गोऱ्या कलेक्टरने विलायतेला परत जाताना खूश होऊन दिली.

मी स्वभावाने भोचक आहे. मैत्रीण गेल्यावर सरळ स्वयंपाकघरात गेले आणि काकूंना विचारलं, "काकू, काठी नक्की कोणाची हो?"

काकू पोळ्या लाटत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "तुला कुठली गोष्ट सांगितली? दिवाणाची?"

"हो."

"बरी आहे. कलेक्टरची फार लांबते."

एवढंच. पुढे विचारायची सोयच त्यांनी ठेवली नाही. काकू उंचीने लहान, आवाजाने लहान, पण बोलल्या की समोरच्याला दोन दिवस पुरे. त्यांचा एकच शौक होता, मंडई. रोज सकाळी तिथे जाऊन कोथिंबिरीच्या चार जुड्या नाकाशी नेल्याशिवाय आणि भाजीवालीशी दोन वाक्यं भांडल्याशिवाय त्यांना दिवस उजाडल्यासारखा वाटत नसे. सरकार पुढे, हातात काठी, आणि काकू मागून, हातात दोन पिशव्या, अशी ती जोडी मी कित्येकदा पाहिली होती.

आणि गुडघे काकूंचे गेले.

आधी त्या भिंत धरून चालायला लागल्या. मग एका सकाळी जिन्यात पाय अडखळला आणि चार पायऱ्या घसरल्या. हाड वाचलं. डॉक्टरांनी बजावलं, "काठीशिवाय जिना उतरायचा नाही. पुढच्या वेळेला नशीब असं चांगलं असेलच असं नाही." सरकार लगेच औषधांच्या दुकानात गेले आणि ॲल्युमिनियमची, खालीवर करता येणारी, रबरी पायाची काठी घेऊन आले. काकूंनी ती घेतली, "छान आहे" म्हणाल्या, खिडकीत उभी केली आणि तिच्यावर ओलं फडकं वाळत घातलं.

त्या दिवसापासून काकू खाली उतरल्याच नाहीत.

पंधरा दिवस गेले, महिना गेला. गॅलरीत खुर्ची टाकून बसायच्या, खालून जाणाऱ्यांच्या पिशव्यांमधून डोकावणारे शेंडे बघून कोणाकडे आज काय भाजी हे सांगायच्या. मी एकदा कौतुकाने ॲपवरून मेथी मागवून दिली. काकूंनी जुडी उलटीपालटी केली. "ही कोणी निवडली? कंप्युटरने?" मग ती बाजूला ठेवून गॅलरीत जाऊन बसल्या. त्यांचे डोळे भरलेले मला दिसले आणि मला फार वाईट वाटलं. गुडघे सोडले तर धडधाकट बाई, केवळ एका काठीपायी घरात कोंडून घेते म्हणजे काय?

भिंतीवर एक काठी आडवी, खिडकीत एक उभी, आणि मधे काकू. त्या ॲल्युमिनियमच्या काठीला हात लावत नव्हत्या आणि भिंतीवरच्या काठीकडे बघत नव्हत्या. सरकार रोज एकटे खाली जात, वीतभर वर काठी धरून, आणि मंडईतून चुकीची वांगी घेऊन येत.

शेवटी एका रविवारी मटार सोलता सोलता मी पुन्हा विषय काढला. सरकार बाहेर गेले होते. "काकू, खरं सांगा ना. ती काठी कोणाची आहे?"

काकूंनी हातातली शेंग पूर्ण सोलली. मग म्हणाल्या, "माझ्या बाबांची."

मी गप्प बसले. गप्प बसल्यावर लोक जास्त बोलतात, हे मला माहीत आहे.

"त्यांच्याही आजोबांपासून घरात होती. त्याआधीचं कोणालाच ठाऊक नाही. बाबांच्या पायावरून लहानपणी बैलगाडीचं चाक गेलं होतं. काठीशिवाय त्यांना दहा पावलं चालता येत नसे. पण माणूस ताठ. मला बघायला आले तेव्हा बाबा खुर्चीत बसलेले, काठी मांडीवर आडवी. लग्नात सकाळपासून मांडवाच्या दारात उभे, काठीवर हात ठेवून. ह्यांनी त्यांना चालताना पाहिलंच नव्हतं गं. ह्यांना वाटलं, बडा माणूस आहे, तोऱ्यासाठी काठी बाळगतो."

"मग?"

"मग पंगत बसली. आमच्यात नवरदेव ताटावर रुसतो. घासाला हात लावत नाही. सासऱ्याने विचारायचं, 'काय हवं?' त्याने मागायचं, सासऱ्याने द्यायचं, सगळ्यांनी हसायचं. बाबांनी घड्याळ आणून ठेवलं होतं खिशात. ह्यांचे मित्र म्हणत होते, घड्याळ माग, स्कूटर माग. पण सगळे मागतात ते मागतील तर हे कसले! बाबांनी विचारलं, काय हवं? हे तोंडाने काही बोलले नाहीत. बोट दाखवलं. काठीकडे."

मटाराचे दाणे पातेल्यात पडायचे थांबले होते.

"मांडवात कोणी हसलं नाही. आमच्याकडच्या सगळ्यांना माहीत होतं ना. पण बाबांनी एक शब्द न बोलता काठी ह्यांच्या हातात दिली. 'शोभते तुम्हाला' म्हणाले. आणि मागे वळून मांडवाचा एक खांब धरला, मग दुसरा, मग तिसरा, असे पंगतीच्या टोकापर्यंत गेले. तेव्हा ह्यांना कळलं. उठून धावले मागे. बाबा म्हणाले, 'जावयाला दिलेलं आम्ही परत घेत नाही.' नंतरही हे दोनदा घेऊन गेले होते परत. नाही घेतली. शेवटपर्यंत बाबा बाजारातल्या साध्या वेताच्या काठीवर चालले."

"म्हणून काका ती टेकत नाहीत?"

"हो. टेकायचा हक्क नाही म्हणतात."

"मग घरी का नाही ठेवून देत?"

"ठेवली होती. पहिल्या दिवाळसणाला लाजेने न घेताच आले. बाबांनी सगळ्यांदेखत विचारलं, 'काठी कुठाय? आम्ही दिलेल्या वस्तूचा मान ठेवत नाही आपण?' झालं. तेव्हापासून हातातून सुटली नाही. पहिली काही वर्षं लाज म्हणून धरली. मग सवय झाली. मग मिजास आली." काकूंनी सालं गोळा केली. "आणि मिजास आल्यावर दिवाण आला, कलेक्टर आला, सगळं लटांबर आलं."

"आता तुम्हालाच गरज आहे तर तुम्ही मागा ना!"

"बाबांनी मागितली नाही परत. मी मागू?"

मला त्या वेळी दोघांचा इतका राग आला. त्याच भरात मी संध्याकाळी सरकारांना गाठलं. ते चिंचेने टोपण घासत बसले होते.

"काका, ही काठी काकूंना का देत नाही तुम्ही?"

"आपण चौकशा फार करता."

"करते. पण का नाही देत?"

त्यांनी टोपण पुसलं, उजेडात धरून पाहिलं. "त्यांनी मागितलेली नाही."

"न मागता द्या."

"सासऱ्यांनी परत घेतली नाही. आता ते नाहीत म्हणून मी त्यांच्या लेकीच्या हातात परत करू? त्यांचा शब्द खोटा पाडू?" मग बराच वेळ ते पोपटांवरून फडकं फिरवत राहिले. "आणि ती मागत नाही याचा अर्थ मला कळतो. तिने मला अजून माफ केलेलं नाही."

सरकार बायकोलासुद्धा 'अहो-जाहो' करणारे. त्यांच्या तोंडून 'ती' मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं, आणि माझा सगळा राग गेला.

त्या उन्हाळ्यात धोंड्याचा महिना होता. अधिक महिन्यात जावयाला सासरी बोलावून तेहतीस अनारशांचं वाण देतात. काकूंना जिना उतरवत नाही म्हणून यंदा माहेरच घरी आलं. काकूंचे धाकटे भाऊ आणि वहिनी चिंचवडहून डबे, तांब्याचं ताट, समई असं सगळं घेऊन आले. मलाही पंगतीत बसवलं. सरकार पाटावर सोवळ्यात बसले होते, कपाळाला गंध, काठी मागे भिंतीवर. भावाने वाण दिलं, नमस्कार केला आणि रीत म्हणून विचारलं, "भाऊजी, अजून काय हवं ते मागा."

"काही नको. भरून पावलं."

"मला हवं आहे," काकू म्हणाल्या.

त्यांनी ताट पुढे सरकवून दिलं होतं. हात मांडीवर. "मी रुसले आहे."

भाऊ हसायला लागले. "ताई, रुसायचं जावयाने! तू काय रुसतेस?"

"जावई एकदा रुसून झालाय. आता लेक रुसली."

"बरं बाई. काय हवं तुला? साडी?"

"तू नको विचारूस. ज्याच्याकडे आहे त्याने विचारायचं."

भावाचं हसू तिथेच थांबलं. वहिनींच्या हातात पुरणपोळी तशीच राहिली. सरकार खाली मान घालून ताटाकडे बघत होते. पोळीवरचं तूप ओघळून ताटात आलं. मला वाटलं, आता हे काहीतरी तिरकस बोलतील आणि सगळं मुसळ केरात जाणार.

"काय हवं?" त्यांनी विचारलं.

काकू एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांनी बोट दाखवलं.

सरकार उठले. भिंतीवरची काठी काढली. उपरण्याने ती वरपासून खालपर्यंत पुसली, मगरीपासून शेवटच्या पोपटापर्यंत, आणि दोन्ही हातांनी काकूंपुढे धरली. मग ते एवढंच म्हणाले, "हळू. फरशी गुळगुळीत आहे."

काकूंनी काठी टेकली. टक् असा आवाज झाला. सरकारांनी डोळे मिटून घेतले. काकू उठून उभ्या राहिल्या आणि तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं की काठी त्यांना केवढी उंच होती. मगर त्यांच्या छातीशी आली होती. त्यांचा हात कोपरातून वर गेला होता आणि तशा काठीवर भार घालून चालणं शक्य नव्हतं. काकूंचं तोंड एवढंसं झालं.

"कापून घेऊ," सरकार म्हणाले.

"भाऊजी! आजोबा-पणजोबांची वस्तू आहे. नुसतं कोरीवकाम तरी बघा," भाऊ म्हणाले. "अशी काठी आता कुठे मिळायची नाही."

"काठी आहे. माणसाला बेताची हवी." मग काकूंकडे वळून म्हणाले, "नीट उभी राहा. कोपर थोडं वाकव." जेवणं तशीच टाकून त्यांनी पेन्सिलने खूण केली.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याबरोबर सुताराकडे गेले. मला काही काम नव्हतं, भोचकपणा. सुताराने काठी हातात फिरवली, पेन्सिलची खूण पाहिली आणि करवत खाली ठेवली. "सरकार, विचार करा हां. एकदा कापली की कापली."

"विचार करून झाला. फार वर्षं केला."

करवत चालली तेव्हा ते तोंड फिरवून रस्त्याकडे बघत उभे राहिले. पितळी टोपणाच्या जागी रबरी बूच बसलं. तळातला एक पोपट गेला. घरी आल्यावर त्यांनी तो लाकडाचा तुकडा काकूंसमोर धरला, चेहरा अगदी अपराधी. काकूंनी पाहिला. "जाऊ दे. बोलणारा एक आहे घरात."

सकाळी आम्ही तिघे निघालो. मी ऑफिसची बस सोडून दिली, कारण हे चुकवण्यासारखं नव्हतं. काकू एक-एक पायरी उतरत होत्या आणि सरकार त्यांच्यापुढे, उलटे तोंड करून, दोन्ही हात पसरून उतरत होते. गल्लीतले लोक बघत राहिले. मंडईत काकूंची भाजीवाली त्यांना बघून जागची उठली. "काकू! कुठं होता इतके दिवस? आणि ही तर सरकारांची काठी!"

"माझी आहे," काकू म्हणाल्या. "माझ्या बाबांची. मेथी दाखव."

त्यांनी जुडी नाकाशी नेली, नापसंत केली, दुसरी घेतली, भाव केला, भांडल्या. सरकार शेजारी उभे होते. त्यांचा उजवा हात कोपरातून वाकलेला, मूठ अर्धवट मिटलेली, आत काहीच नाही. तो हात कधी धोतराला लागे, कधी पाठीमागे जाई, कधी नुसताच हवेत राही. एवढ्या वर्षांत त्यांना तो कुठे ठेवायचा ते शिकायलाच मिळालं नव्हतं. लोक येता-जाता त्यांच्याकडे बघत आणि ओळख न पटल्यासारखे पुढे जात. मला त्यांच्याकडे बघवेना.

काकूंनी मेथीचे पैसे दिले आणि मागे वळून नवऱ्याकडे नीट पाहिलं. खूप वेळ पाहिलं.

"हात कशाला लोंबकळत ठेवलाय?" त्या म्हणाल्या. "पिशवी घ्या."

सरकारांनी पिशवी घेतली.